मी बाहेर थांबतो, तुम्ही जाऊन या

अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’वर बरंच लिहिलं गेलंय, पण त्यातली मला सगळ्यात कामाची वाटते ती भालचंद्र नेमाडेंची नाराजी. इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीयांना झोडपताना १९८०च्या दशकात नेमाडेंनी ‘जेजुरी’लाही धरलं. आक्षेप साधारण असा, की मुंबईहून शनिवार-रविवारी फिरायला आल्यासारखा हा कवी जेजुरीत येतो नि जातो. हिंदू-मुसलमान सगळे आपापल्या परीने ज्याला भजतात अशा फार जुन्या, जिवंत देवाकडे तो छद्मीपणे बघतो, त्याचं अज्ञेयवादी करून टाकतो. ‘अज्ञेयवादी’ हा शब्द इथे जवळजवळ शिवीसारखा आलाय.

नेमाडे कोलटकरांना बोलत होते, पण वाचताना आपल्यालाच बोलताहेत असं वाटलं. कारण मी तसाच आहे. देव आहे की नाही, मला माहीत नाही. आणि हे माहीत नसणं मला फारसं छळत नाही. आषाढीला स्टेटसला विठोबा ठेवणारे मित्र आहेत, त्याच दिवशी ‘दगडाला दूध’ छापाच्या पोस्ट टाकणारेही मित्र आहेत. दोन्हीकडून मला एकच गोष्ट ऐकवली जाते, की तू कुंपणावर बसलायस.

‘अज्ञेयवादी’ या शब्दाचा इंग्रजी मूळ शब्द टी. एच. हक्सलेने १८६९मध्ये तयार केला. आपल्याकडे आगरकरांची भूमिकाही नास्तिकापेक्षा अज्ञेयवाद्याची होती असं अनेक अभ्यासक म्हणतात. म्हणजे कुंपण बरंच जुनं आहे आणि त्यावर बसलेली माणसं अगदीच रिकामटेकडी नव्हती. पण मला इथे तत्त्वज्ञानात शिरायचं नाही. मला बघायचंय ते वागणं. ज्याला माहीत नाही, तो मानणाऱ्यांच्या घरात, रांगेत, यात्रेत कसा वागतो? मराठीत ‘आदर’ म्हणून जे चालतं त्यातलं पुष्कळसं खरं तर ‘भीड’ असतं. आजी दुखावेल म्हणून गप्प बसणं, काका चिडतील म्हणून हात जोडणं. थोडी कीवही असते, ‘जाऊ दे, त्यांना बरं वाटतं ना’ अशी. तिला आदर म्हणणं मला पटत नाही. लहान मुलाशी आपण असं वागतो.

भीड आणि कीव सोडून काही उरतं का, हे शोधायला दोन पुस्तकं माझ्या उपयोगी पडली. एक ‘जेजुरी’. दुसरं इरावती कर्व्यांचं ‘परिपूर्ती’, आणि त्यातला ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख. गंमत म्हणजे दोन्हींचे रस्ते एकमेकांना छेदतात. ज्ञानेश्वरांची पालखी सासवडहून निघते आणि मुक्कामाला जेजुरीतच येते.

आधी नेमाडेंचं काय बरोबर आहे ते सांगतो. ‘जेजुरी’ हे पुस्तक खरोखरच एका फेरीचं पुस्तक आहे. सुरुवातीला एसटी, शेवटी रेल्वे स्टेशन. मध्ये देवळं, पुजारी, पायऱ्या, मोडके दरवाजे, कुत्री. निवेदक मुक्कामाला फार थांबत नाही. त्याला नवस फेडायचा नाही, कुणाच्या लग्नानंतर देवदर्शनाला यायचं नाही, त्याच्या घरात खंडोबाचा टाक असल्याचं कुठे दिसत नाही. पुजाऱ्याची तो टिंगल करतो. ‘द प्रीस्ट’मध्ये पुजारी सकाळी बसची वाट बघतोय आणि त्याच्या डोक्यात देव नाही, ताटात पुरणपोळी पडेल का हा हिशोब आहे. मारुतीच्या पडक्या देवळात कुत्री व्यायलीय आणि कवीला तेच देवाचं घर वाटतंय. भक्ताला हे टोचेल, आणि टोचण्यात काही चूक नाही.

पण ‘आलेला पाहुणा’ हा आरोप करण्यासाठी कोलटकरांना पकडायची गरजच नाही. त्यांनी तो पहिल्याच कवितेत स्वतःवर करून ठेवलाय. ‘द बस’मध्ये खिडक्यांवर ताडपत्री बांधलेली आहे, बाहेरचं काही दिसत नाही. समोर एक म्हातारा बसलाय, कपाळावर गंध आणि डोळ्यांवर चष्मा. त्या चष्म्याच्या दोन काचांत निवेदकाला स्वतःचाच चेहरा दिसतो, दोन तुकड्यांत. प्रवासभर एवढंच दृश्य. सकाळ होते, बस थांबते, निवेदक उतरतो. आणि कविता मुद्दाम सांगते, की तो म्हाताऱ्याच्या डोक्यात उतरला नाही.

मला हे वाक्य पुस्तकाची किल्ली वाटतं. यात्रेला निघालेल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे मला कळणार नाही, माझा तिथे शिरकाव नाही, आणि मी तो झाल्याचा आवही आणणार नाही. पुढची सगळी थट्टा ही कबुली देऊन झाल्यावर केलेली आहे. छद्मी माणसाचं याच्या उलट असतं. समोरच्याच्या डोक्यात काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, अशी त्याची खात्री असते.

‘ॲन ओल्ड वुमन’ तुम्ही कदाचित कॉलेजात वाचली असेल, अनेक अभ्यासक्रमांत ती असते. एक म्हातारी बाही धरून मागे लागते. पन्नास पैसे दे, घोड्याच्या टापेचं देऊळ दाखवते. तुम्ही वैतागता. ही चिवट म्हातारी कुसळासारखी चिकटते. शेवटी तिला झटकून टाकायचं म्हणून वळता, तेव्हा ती साधी गोष्ट बोलते, की या असल्या डोंगरांवर म्हाताऱ्या बाईने दुसरं करावं तरी काय. तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या भेगांसारख्या पसरत जातात. डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आभाळ काचेसारखं फुटतं. ती मात्र तशीच उभी. आणि तुम्ही तिच्या हातातल्या चिल्लरीएवढे होऊन जाता.

इथे देवावर एक अक्षर नाही. पण यात्रेकरूंवर पोट असलेल्या एका बाईसमोर पाहुण्याचा आकार किती होतो, ते आहे. फिरायला आलेल्याला त्याची औकात दाखवणारी इतकी थेट कविता मला आठवत नाही, आणि ती नेमाडेंच्या आरोपाच्या आधी, १९७६च्या पुस्तकात आहे.

आता ‘मकरंद’. पुस्तकातली जवळजवळ सगळ्यात छोटी आणि सहज कविता. गाभाऱ्यात जायचं तर सदरा काढावा लागणार, पूजा करावी लागणार. निवेदक म्हणतो, मला नको. तुला जायचं तर खुशाल जा. जाताना तेवढी काडेपेटी देऊन जा. मी अंगणात थांबतो, तिथे सिगरेट ओढली तर कुणाला काही वाटणार नाही.

संपली कविता. यात काय एवढं, असं पहिल्यांदा वाटतं. मला मात्र आपल्या विषयावरचं सगळं त्यात दिसतं. एक म्हणजे नकार स्पष्ट आहे. ‘आज अंघोळ झाली नाही’, ‘गर्दी फार आहे’ असली कारणं नाहीत. दुसरं, सोबत्याला तो अडवत नाही, टोमणाही मारत नाही. तिसरं म्हणजे जागा. सिगरेट ओढायची ती कुणाला खुपणार नाही अशा ठिकाणी. आणि मला सगळ्यात आवडते ती काडेपेटी. ती आत जाणाऱ्याच्या खिशात आहे! मानणारा आणि न मानणारा एकच काडेपेटी वापरतात. दोघे एकाच बसने आलेत आणि एकाच गाडीने परत जाणार आहेत.

देवावर विश्वास आहे का, असं कोलटकरांना एका मुलाखतीत विचारलं गेलं होतं. हा प्रश्न मी तसाच सोडून देतो, देवाबद्दल इकडची किंवा तिकडची बाजू घ्यायलाच हवी असं मला वाटत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. हे ‘माहीत नाही’पेक्षा थोडं वेगळं आहे. ‘माहीत नाही’ म्हणणारा निदान प्रश्नाशी झटापट करत असतो. कोलटकर प्रश्नाला खुर्ची देऊन बसवतात आणि आपण बाहेर जाऊन दगड, कोंबड्या, वासरं बघत बसतात. गाव सोडून निघाल्यावरच्या कवितेत ते त्रेसष्ट पुजाऱ्यांची, खांबांची, पायऱ्यांची मोजदाद करतात आणि स्टेशनच्या वाटेवर, अर्ध्यात, शेतात उड्या मारणारे कोंबडे-कोंबड्या बघून थबकतात. देवळात न आलेला नाच तिथे येतो. पानावर शब्दही वरखाली उडतात.

हे सगळं छान आहे. पण ‘मी अंगणात थांबतो’ हे जेजुरीत सोपं असतं. तिथे तुम्ही अनोळखी असता. घरात अंगण नसतं.

आमच्याकडे चंपाषष्ठीला तळी भरतात. चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटतं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाच पुरुष ताम्हणाला हात लावतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा उचलतात. काही वर्षांपूर्वी एक चुलतभाऊ गाडी चुकल्यामुळे आला नाही. चार जण झाले. काकांनी मला हाक मारली, “ये रे, हात लाव.” मी मानत नाही हे त्यांना माहीत आहे. तरी हाक मारली. मी हात लावला. येळकोट म्हटलं की नाही, आठवत नाही. बहुतेक म्हटलं असावं, कारण चार जण ओरडत असताना पाचवा तोंड मिटून उभा राहिला तर तोच कार्यक्रम होऊन बसतो.

एका मित्राने नंतर मला खोटारडा म्हटलं. तुझा विश्वास नाही तर हात लावलास कसा? मी त्यावर बराच विचार केला. मला वाटतं, काकांनी मला श्रद्धा मागितलीच नव्हती, हात मागितला होता. ताम्हण जड नसतं, पण पाच हात लागतात. त्यांनी ‘खंडोबाला मानतोस असं म्हण’ म्हटलं असतं तर मी मागे सरलो असतो, आणि तेवढं ते ओळखून आहेत. मला त्या दिवशी खटकली ती दुसरीच गोष्ट. पहाटे उठून वांगी भाजणारी, रोडगे थापणारी, आणि त्या घरात मनापासून सगळ्यात जास्त मानणारी काकू ताम्हणापासून चार पावलं लांब उभी होती. न मानणाऱ्या पुतण्याला हात लावायला बोलावलं आणि मानणाऱ्या बाईला नाही. मी हे बोललो. काका म्हणाले, “पद्धत आहे.” काकू काहीच बोलल्या नाहीत.

हा काकूंचा प्रश्न कोलटकरांच्या अंगणातून सुटत नाही. त्यासाठी इरावतीबाईंकडे जावं लागतं.

इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ. जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. बर्लिनला जाऊन डॉक्टरेट केली, तीही वंशवादी विचारांच्या ऑयगेन फिशरच्या हाताखाली, आणि कवट्यांची मापं घेऊन फिशरला सोयीचा नसलेला निष्कर्ष काढून परत आल्या. सासरे धोंडो केशव कर्वे, नवरा दिनकर कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे बुद्धिवादी, सुधारकी घर. ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांवरचं देवपण बाजूला ठेवून त्यांनी ती माणसं म्हणून वाचली. अशी बाई वारीला चालत जाते आणि नंतर १९४९च्या ‘परिपूर्ती’त त्यावर लिहिते. पुढे ‘गंगाजल’ या संग्रहात त्यांचा विठोबावरचा एक लेख आहे, त्याचं शीर्षक ‘बॉयफ्रेंड?’ असं आहे. प्रश्नचिन्हासकट. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाशी असलेलं नातं सांगायला त्यांना ना ‘भक्ती’ हा शब्द पुरला, ना ‘अभ्यास’. आज रीलवर विठोबाला ‘क्रश’ म्हणणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल. पण इरावतीबाईंच्या प्रश्नचिन्हात लाडिकपणा नाही, अडचण आहे. त्या अडचणीमुळेच तो लेख मला जवळचा वाटतो.

‘वाटचाल’मध्ये कोलटकरांचं काहीच नाही. अंतर नाही, काडेपेटी नाही, थट्टा नाही. बाई दिंडीत चालताहेत, बायकांशी बोलताहेत, अभंग ऐकताहेत, आणि हे सगळं आपलं आहे या आनंदात आहेत. शतकानुशतकं तेच शब्द, तीच वाट, नाना जातींची माणसं. ज्या देशाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक व्याख्या त्यांना तिथे सापडते. ही व्याख्या इतकी गाजली की लेख न वाचलेल्यांनाही ती माहीत असते. आषाढीच्या आठवड्यात ती दरवर्षी फिरते, बहुतेक वेळा मागच्या-पुढच्या मजकुराशिवाय.

मागचा-पुढचा मजकूर असा आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठाही. दिवसभर सगळे एकत्र चालत, एकत्र गात. जेवायच्या वेळी मात्र दोन पंगती. इरावतीबाईंना हे रोज सलतं. त्या मराठा बायकांकडे जाऊन जेवतात. त्यानंतर त्या बायका अधिक मोकळ्या होतात, हात धरून चालतात, घरच्या गोष्टी सांगतात, ‘ताई’ म्हणू लागतात. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असं म्हणतात. आणि एक तरुण मुलगी विचारते, की तेव्हा आमच्याशी असंच वागाल का?

लेखाचा कणा हा प्रश्न आहे, व्याख्या नाही. इरावतीबाईंना तो वर्मी लागतो आणि त्या ते लपवत नाहीत. हजारो वर्षं शेजारी राहूनही हे आपले नाहीत आणि आपण त्यांचे नाही, असं त्यांना म्हणावं लागतं. मघाची महाराष्ट्राची व्याख्या आणि ही कबुली एकाच लेखात आहेत. आपण पहिली उचलली आणि दुसरी तिथेच ठेवली.

म्हणून मला त्यांचा आदर कोलटकरांपेक्षा जड वाटतो. त्यांना वारीतलं काय सुंदर आहे हे चालून कळलेलं आहे, त्यामुळे त्यात काय कुजलेलं आहे हे बोलायचा अधिकारही त्यांनी चालून मिळवलाय. ‘तुमचा विश्वास नाही, मग तुम्ही बोलू नका’ असं त्यांना कुणी म्हणू शकत नाही. त्या विठोबावर बोलतच नाहीत, पंगतीवर बोलतात. दोन वर्षांपूर्वीच, मे १९४७मध्ये, साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं. मानणाऱ्या माणसाने मानणाऱ्यांशी केलेलं ते भांडण होतं. इरावतीबाई दुसऱ्या बाजूने तिथेच पोचतात.

पण त्या व्याख्येशी माझं भांडण आहे, आणि ते त्यांच्या आदराशीच जोडलेलं आहे. पंढरीला जाणारे म्हणजे महाराष्ट्र, तर न जाणारे कोण? इथला मुसलमान, ख्रिस्ती? चोखोबाची समाधी देवळाच्या पायरीशी आहे. ज्यांना शतकानुशतकं त्या पायरीच्या आत घेतलं नाही आणि ज्यांतल्या लाखोंनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला, ते या व्याख्येत कुठे बसतात? लेख त्याच्या सात वर्षं आधीचा आहे, त्यामुळे हा हिशोब त्यात असणं शक्य नव्हतं. पण आज ती ओळ पोस्टरवर छापणाऱ्यांकडून तो मागता येतो. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या सौंदर्याने न मानणारा माणूस इतका भारावतो की तीच सगळ्यांची ओळख आहे असं त्याला वाटू लागतं. हा धोका मानणाऱ्याला कमी असतो, कारण त्याला आपल्या संप्रदायाच्या सीमा चांगल्या माहीत असतात. तुकोबांचा अभंग ऐकून डोळ्यांत पाणी आलेला शहरी निरीश्वरवादी मात्र लगेच ‘आपली संस्कृती’ म्हणू लागतो. मीही त्या रांगेत उभा राहिलेला आहे.

कोलटकर या मोहात पडत नाहीत, हे त्यांच्या अंतराचं श्रेय. ‘अ साँग फॉर अ मुरळी’ बघा. चंद्र डोंगरमाथ्यावर चरायला उतरलाय, घोड्यासारखा. मुरळी घोडेचोराला बजावते, की त्याला हात लावू नकोस, त्याच्या अंगावर खंडोबाचा डाग आहे. आणि मग स्वतःकडे वळते, गळ्याच्या हाडाखाली त्याचंच नाव गोंदलंय, खंडोबाच्या बाईपासून लांब राहा. ऐकायला गोड, खट्याळ. जागरणातल्या मुरळीच्या नखऱ्यासारखी. पण डाग आणि गोंदण हे शब्द सोडून द्यायचे नाहीत. डाग जनावराला देतात, मालकी कळावी म्हणून. नवसापोटी मुली खंडोबाला वाहिल्या जात. १९३४मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, त्यानंतरही हे लगेच थांबलं नाही. कोलटकर यावर भाषण देत नाहीत. मला पूर्वी वाटायचं, द्यायला हवं होतं. आता वाटतं, मालकीची खूण त्यांनी मुरळीच्याच तोंडून, तिच्याच तोऱ्यात सांगितली आहे, आणि त्यामुळे ती अधिक बोचते. मात्र अनेक वाचक गोडव्यावरच थांबतात, हेही खरं. लोकसंस्कृती म्हणून कवितेची वाहवा होते आणि मुलगी कुणी वाहिली हे विचारायचं राहून जातं.

काकूंचं ताम्हण आणि मुरळीचं गोंदण एका मापाचं नाही, हे मला कळतं. पण दोन्हीकडे ‘श्रद्धेचा आदर करा’ हे वाक्य मध्ये आणलं की बोलणं संपतं. माणूस मानतो तो भाग त्याचा. त्या मानण्यापायी दुसऱ्या कुणाला काय सोसावं लागतं, तो भाग त्याच्या एकट्याचा राहत नाही. महाराष्ट्रातल्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही रेघ बऱ्यापैकी नीट ओढली आहे असं मला वाटतं. त्यात भजन, कीर्तन, प्रवचन, यात्रा, परिक्रमा यांना हात लावलेला नाही, आणि नरबळीपासून भुताच्या नावाने मारहाण करण्यापर्यंतच्या गोष्टींना गुन्हा ठरवलंय. आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असं नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. ज्या शहरातून दोन्ही पालख्या जातात, त्याच शहरात.

‘जेजुरी’नंतरच्या कोलटकरांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण नेमाडेंचा पाहुणा पुढे पाहुणा राहिला नाही. त्यांनी नामदेव, जनाबाई, तुकाराम इंग्रजीत आणले, ते पखवाज शिकले. २००३च्या ‘चिरीमिरी’त बळवंतबुवा नावाचा भजन करणारा, भानगडबाज, तोंडाळ म्हातारा आहे, आणि पंढरीला निघालेल्या बायका आहेत, ज्यांना सोवळे लोक दारात उभं करणार नाहीत. तिथे विठोबाशी बोलणं अगदी घरातल्यासारखं, कधी शिवराळ. हा कवी श्रद्धाळू झाला का? तसं कुठे दिसत नाही. पण भजनाला बसला, हे नक्की. ‘प्रश्न सोडून देतो’ म्हणणाऱ्याला भजनाला बसण्यात अडचण नव्हती. अडचण असलीच तर ती आपल्याला, त्याला कोणत्या बाजूला घालायचं याची. मराठी ‘जेजुरी’ त्यांच्या मृत्यूनंतर, २०११मध्ये आली. ज्यांना इंग्रजी कवितेचा धाक वाटतो त्यांनी तिथून सुरुवात करावी. हा देव, हे पुजारी, ही थट्टा मराठीत वाचताना ‘बाहेरच्याची नजर’ हा आरोप आणखी पातळ होतो.

माझी मावशी माळकरी आहे. फलटणला पालखी आली की तिथून पुढे पंढरपूरपर्यंत जाते, गुडघे दुखत असले तरी. मी काय वाचतो याची तिला भारी चौकशी असते. गेल्या वर्षी तिच्याकडे मुक्काम होता, तेव्हा तिला आधी ‘मकरंद’चा अर्थ सांगितला. ती हसली. म्हणाली, “आमच्या दिंडीतही असतात की तसले. तंबाखू मळत बाहेर बसतात. पण चालतात सगळ्यांच्या पुढे.” मग ‘वाटचाल’ पूर्ण वाचून दाखवला. व्याख्येपाशी तिने नुसती मान हलवली, त्यात तिला नवीन काही नव्हतं. दोन पंगतींपाशी म्हणाली, “आता एकत्र बसतात,” आणि थोडं थांबून, “आमच्या दिंडीत.” तरुण मुलीच्या प्रश्नाशी आल्यावर तिने मला थांबवलं.

“मग गेली का ती पुण्याला, बाईंच्या घरी?”

लेखात ते नाही, असं मी सांगितलं.

“विचारायला हवं होतं कुणीतरी,” मावशी म्हणाली, आणि पुढे वाच म्हणाली.